शेवटी तपासलेली वस्तू

चेन्नईच्या गिंडी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या शेडमध्ये सकाळी आधी कॉफी यायची, मग मालक रामस्वामी सार यायचे आणि मग काम. रंजनी या सगळ्यांच्या आधी आलेली असायची. सैदापेटेहून स्कूटरवर येताना रस्त्यात जेमतेम एक मोठा सिग्नल लागतो, आणि त्या सिग्नलला आपण आजवर कधी उशीर करू दिला नाही, असं ती अभिमानाने सांगायची. आल्यावर टिफिन कॅरिअर कामाच्या टेबलावर, वस्तू आवळून धरायच्या बिडाच्या जाडजूड व्हाइसला टेकवून ठेवायची, म्हणजे तो कलंडत नसे. मग मशीनवरचं फडकं काढायची.

ती काय काम करते हे शेजाऱ्यांना सांगताना तिचा नवरा मुरली म्हणायचा, "आमची रंजनी लोखंडाची डॉक्टर." हे अगदीच खोटं नव्हतं. पेनाएवढा एक प्रोब असतो, त्याच्या टोकात तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं. त्यात वीज खेळू लागली की समोरच्या धातूच्या अंगात न दिसणारे विजेचे भोवरे उठतात. धातू निरोगी असेल तर ते सुरळीत फिरतात, आत कुठे चीर असेल तर तिला वळसा घालतात, आणि मशीनच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका तेवढ्यापुरता उसळून परत येतो. कापायचं नाही, फोडायचं नाही. धातूला कळतसुद्धा नाही की कुणी आत डोकावून गेलं. रंजनी असं म्हणायची तेव्हा तिची मदतनीस कीर्ती हसायची.

कीर्ती सांगलीची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईला आली आणि पहिल्याच दिवशी रंजनीचं मराठी ऐकून उभी राहिली. रंजनीचं घराणं तंजावरकडचं, त्यामुळे ती "मला" म्हणायच्या जागी अजून "मज" म्हणते, "सगळे"च्या जागी "अस्की", आणि वाक्य संपवताना तमिळसारखा हेल काढते.

"अक्का, तुम्ही बोलायला लागलात की मला दरबारात उभं राहिल्यासारखं वाटतं," कीर्ती म्हणाली होती.

"उभी राहू नको. बस आणि तो ट्रे इकडे दे," रंजनी म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं जमलं.

त्या शनिवारी ट्रेमध्ये अंबत्तूरहून आलेले मोटारीचे भाग होते. गाडीच्या पुढच्या चाकाला सांभाळून धरणारे, मिश्रधातूचे, हातभर लांब दांडे. रोजचंच काम. फक्त एक अडचण होती. निरोगी म्हणजे काय, हे मशीनला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी एक खात्रीचा ठोकळा असतो, प्रोब त्याच्यावर टेकवून ठिपका मधोमध आणायचा आणि मग कामाला लागायचं. तो ठोकळा प्रमाणपत्रासाठी बाहेर गेला होता. तेव्हा रंजनीनं या धंद्यातले सगळे जण अडीअडचणीला करतात तेच केलं. ट्रेमधला पहिलाच दांडा घेतला, त्यालाच निरोगी मानलं आणि ठिपका मधोमध आणला.

दुसऱ्या दांड्यावर प्रोब ठेवला आणि ठिपका फिरू लागला.

उसळला नाही, फिरू लागला. चिरेचा ठिपका झटक्यात जातो आणि येतो, तोही हात सरकला तरच. इथे रंजनीचा हात स्थिर होता. ठिपका सावकाश एक गोल पुरा करून पहिल्या जागी आला आणि पुन्हा निघाला, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. तिनं प्रोब हातातून काढून स्टँडमध्ये अडकवला, तरी तो फिरतच राहिला.

तिसरा दांडाही तसाच. चौथाही.

"अक्का, अख्खा ट्रे नापास?"

"हळू बोल. चूक माझी असणार. पहिलाच दांडा आजारी असला, तर त्याच्या मापानं बाकीचे अस्की आजारी दिसतील."

हे पटण्यासारखं होतं. पण दुपारी ठोकळा परत आला, तिनं नियमाप्रमाणे मशीन त्याच्यावर जुळवलं आणि खात्रीसाठी प्रोब त्याच ठोकळ्याच्या दुसऱ्या गुळगुळीत कोपऱ्यावर ठेवला. ठिपका फिरला. मग त्यांनी केबल बदलली. प्रोब बदलला. कपाटातलं जुनं मशीन काढून लावलं. सगळीकडे तोच संथ गोल.

रामस्वामी सार चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. "शेजारी वेल्डिंग चाललंय," शेवटी ते म्हणाले. "त्याचा त्रास लाइनमध्ये येतो. पण पार्टीला मी काय सांगू, रंजनी मॅडम? एक दांडा कापून बघा."

पहिला दांडा व्हाइसमध्ये आवळून करवतीनं कापला. तुकडे घासून आरशासारखे केले, चिरेत शिरणारा लाल रंग लावून पाहिले, भिंगाखाली धरले. काहीही नव्हतं. इतकं स्वच्छ अंग रंजनीनं क्वचित पाहिलं होतं.

"सगळ्यांना तपासलं, या म्हाताऱ्याला कशाला सोडायचं," म्हणत कीर्तीनं जाता जाता प्रोब व्हाइसच्या जबड्यावर टेकवला. ठिपका निवांत फिरू लागला. "बघा. यालाही लागण." मग मशीन बंद करून, हात धुऊन त्या घरी गेल्या.

सोमवारी सकाळी रंजनीनं शटर वर केलं तेव्हा व्हाइस टेबलावर दोन तुकडे होऊन पडला होता.

कुणी घाव घातल्याची खूण नव्हती. टेबलावर ओरखडा नव्हता. तो मनगटापेक्षा जाड जबडा मधून तुटला होता आणि तुटलेली बाजू साखरेसारखी दाणेदार चमकत होती. जुन्या तड्यात गंज असतो, तेल शिरलेलं असतं. हा तडा ताजा होता.

"माझ्या वडिलांच्या वेळचा होता," रामस्वामी सार म्हणाले. ते एवढंच बोलले, आणि त्यांनी तुकड्यावरून हात फिरवला तो दोघींनीही पाहिला नाही असं दाखवलं.

जड तुकडे उचलायला छताच्या चेन-पुलीचा हुक खाली घेतला. व्हाइसचं बघून रंजनीच्या मनात धास्ती होती. तिनं आधी हुक तपासला. ठिपका फिरला.

"तुमच्या मशीनला आता मीसुद्धा आजारी दिसेन," सार वैतागून म्हणाले. "बंद करा ते. सर्व्हिसला पाठवू." तिनं बंद केलं. तुकडे बिनबोभाट उचलले गेले आणि त्या दिवशी पुन्हा मशीन कुणी लावलं नाही.

मंगळवारी कीर्ती फरशीवर सांडलेलं पाणी पुसत होती. रिकामा हुक वर लोंबत होता. त्याला ना ओझं होतं ना झोका. तो गळ्यापाशी तुटला आणि तिच्या हातापासून वीतभर अंतरावर फरशीत रुतला.

कीर्ती बराच वेळ उकिडवीच बसून राहिली. रंजनीनं तिला उठवलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. हुकाचा तुटका गळा साखरेसारखा दाणेदार होता.

"अक्का," कीर्ती म्हणाली, "खरूज असते ना, तसं आहे हे. अंगाला अंग लागलं की पसरणारी. दांडा व्हाइसमध्ये आवळला होता. व्हाइस हुकानं उचलला."

"धातूला खरूज होत नाही," रंजनी म्हणाली. पण तिचे डोळे टेबलाकडे गेले होते. जिथे व्हाइस असायचा तिथे, आता टेकायला काही नसल्यामुळे जरासा कललेला, तिचा टिफिन कॅरिअर उभा होता.

तो रोज व्हाइसला टेकून असायचा. आणि रोज संध्याकाळी ती घरी गेली की मुरली तो तिच्या हातातून घ्यायचा, दोन्ही नडग्यांमध्ये घट्ट दाबून धरायचा आणि त्याची हट्टी कडी काढायचा. ते त्याचं काम होतं. गेल्या वर्षी पाण्याच्या टँकरनं त्याला उडवलं, उजव्या नडगीच्या हाडाचे तुकडे झाले, आणि घरातल्या कामांपैकी त्याला बसल्या जागी करता येण्यासारखं हे एकच उरलं होतं. नडगीत आता पोलादी प्लेट होती. कातडीच्या लगेच खाली, इतकी वर, की बोट फिरवलं तर स्क्रूची डोकी मोजता यावीत. डॉक्टरांनी घरी सोडताना रंजनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हाड पुरतं जुळलेलं नाही, प्लेट आहे म्हणून पाय आहे, ती निकामी झाली तर पुन्हा जोडण्यासारखं खाली फारसं काही नाही. मुरलीला हे तिनं सांगितलं नव्हतं. याच महिन्यात त्यानं काठी सोडली होती आणि तो नाक्यापर्यंत पेपर आणायला जाऊ लागला होता.

"मी घरी जाते," रंजनी म्हणाली. "मशीन नेते."

"अक्का, सर्व्हिसवाला येणार आहे."

"येऊ दे. म्हणावं, आजारी माणसाला बघायला गेलंय."

दुपारचं ऊन पत्र्यासारखं तापलं होतं. मुरली खिडकीशी बनियनवर बसून शब्दकोडं सोडवत होता. त्यानं मशीनकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हे काय? नोकरी सुटली आणि सामान दिलं काय बरोबर?"

"पाय वर करा."

"आधी जेवायला तरी घाल."

"अहो, पाय वर करा ना. मज एक बघायचंय."

तिचा आवाज ऐकून त्यानं कोडं बाजूला ठेवलं आणि मुकाट पाय स्टुलावर घेतला. तिनं आधी टिफिन तपासला. ठिपका फिरला. तिनं टिफिन बाजूला सारला. मग प्रोब बदलून मोठ्या वेटोळ्याचा घेतला, मांसाच्या थरातून पलीकडे पोचेल असा, आणि नवऱ्याच्या नडगीवर टेकवला. प्लेटवर ठिपका मधोमध आणला. हात स्थिर ठेवला. श्वास स्थिर ठेवला.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग ठिपका निघाला. सावकाश, गोल.

"गार लागतंय," मुरली म्हणाला.

"प्रोब गार असतो."

"बाहेर नाही गं. आत."

तिनं प्रोब उचलला. मुरली तिच्याकडे बघत होता. तिला त्याच्याकडे बघवेना म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. बिडाचा नवा तवा ओट्याखाली होता. मुरलीच्या बहिणीनं कुंभकोणहून पाठवलेला, दोशांसाठी, अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. तिनं सुतळी कापली. हा तवा गिंडीला गेला नव्हता. व्हाइसला, हुकाला, टिफिनला, कशालाच लागला नव्हता. याच्यावर ठिपका स्थिर राहिला तर खरूज खरी. मग निदान काहीतरी नियम होता, आणि नियम असला की उपाय असतो.

ठिपका फिरला.

ती तिथेच फरशीवर बसली.

म्हणजे लागण्याचा काही संबंध नव्हता. मग मशीनच बिघडलं असेल, सर्व्हिसवाला येईल, एक भाग बदलेल. असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण व्हाइस तुटला होता. हुक तुटला होता. ट्रेभर दांडे मात्र धड होते, खात्रीचा ठोकळा धड होता. त्यांच्यावरही ठिपका असाच फिरला होता. मग हे दोनच का?

शनिवारी कीर्तीनं जाता जाता व्हाइसला प्रोब लावला होता आणि मशीन बंद केलं होतं.

सोमवारी तिनं स्वतः हुक तपासला होता आणि मशीन बंद केलं होतं.

त्या दिवशी शेवटी तपासलेली वस्तू.

ते लागून पसरत नव्हतं. ते बघणाऱ्याच्या हातानं जात होतं. ती जिथे डोकावेल तिथे ते तिच्याबरोबर येत होतं, आणि ती थांबली की तेही तिथेच थांबत होतं. मुरलीच्या पायात काहीच नव्हतं. ती तिथे डोकावेपर्यंत.

पण आता शेवटचा तवा होता. पाय नव्हता. पायानंतर तवा तपासला होता.

ती धडपडत उठली आणि बाहेर आली. मुरली तसाच बसला होता, पाय स्टुलावर.

"निघालं काही?"

"थांबा. एकदाच बघते, गेलं का."

ती वाकली. प्रोब नडगीपासून बोटभर अंतरावर आला.

तिथे तिचा हात थांबला.

गेलं का, हे बघायला तिला पुन्हा आत डोकावावं लागणार होतं.

"काय झालं?" मुरली म्हणाला.

तिनं हात मागे घेतला. मशीन बंद केलं, वायर गुंडाळली, पेटीची कडी लावली.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं बरं आहे. जेवायला वाढते."

बुधवारी पहाटे उठून ती आधी ओट्यापाशी गेली. तवा अखंड होता.

गुरुवारीही होता.

मशीन गिंडीला पाठवून ती रजेवरच होती; शुक्रवारी दुपारी कीर्तीचा फोन आला. आवाज हलका होता. "अक्का, मशीन बरं झालं. सर्व्हिसवाल्याला काही सापडलं नाही, पण इथे आल्यापासून एकदम शहाणं. पहिल्या दिवशीच अख्खा ट्रे पास. ठोकळा, नवा व्हाइस, माझ्या बांगड्या, सगळं तपासलं. ठिपका जागचा हलत नाही. तुम्ही काय केलंत त्याला घरी नेऊन? जेवायला घातलंत?"

"काही नाही केलं," रंजनी म्हणाली.

"गेलं म्हणायचं मग."

"तिथून गेलं," रंजनी म्हणाली आणि फोन ठेवला.

आता महिना झाला. ती कामाला जाते, दांडे पास करते, ठिपका शहाण्यासारखा मधोमध बसतो. मुरलीच्या पायाच्या एक्स-रेची तारीख येऊन गेली. एक्स-रे म्हणजेही आत डोकावणंच, ते या हिशेबात धरायचं की नाही हे तिला कुणी सांगू शकत नाही, म्हणून तिनं आधी डॉक्टर गावाला गेलेत असं सांगितलं आणि मग ऑफिसात रजा नाही म्हणाली.

"तुझं मशीन आण ना मग," मुरली म्हणतो. "लाव एकदा आणि सांग मज. तेवढंच तुझ्याही जिवाला बरं. रात्री उठून माझ्या पायाकडे बघत बसतेस, मी झोपलेला नसतो."

"आणते," ती म्हणते.

तो आता नाक्याच्या पलीकडे, देवळापर्यंत जातो. जिना उतरताना कठडा धरत नाही. ती धरा म्हणाली तर हसतो.

तवा मात्र तिनं वापरायला काढला. तेल चोळून, कांदा फिरवून, मंद आचेवर तापवून घेतला. रोज सकाळी त्याच्यावर दोसे घालते. धुताना, मुरली आंघोळीला गेला की, तो उचलते आणि धुण्याच्या दगडावर आपटते. तवा फुटला की पाय सुटला. आधी हळू आपटायची. मग जोरात. परवा तिनं तो डोक्याच्या वर नेऊन सोडला. दगडाचा टवका उडाला.

आज सकाळी पीठ पसरलं तेव्हा एकसारखी जाळी पडली. दोसा कडेनं आपोआप सुटला.

"छान बसला गं तवा," दारात चप्पल घालत मुरली म्हणाला. "नातवंडांना पुरेल आता."

तिनं तव्याच्या काठावर उलथनं वाजवून पाहिलं. स्वच्छ, लांब, घंटेसारखा नाद आला, कुठेही न अडखळता. तो विरेपर्यंत ती ऐकत राहिली. मग जिन्यावर मुरलीची पावलं उतरू लागली.